‘दहा के’, ‘पॉइंट वन एमएफडी’ आणि लहान-मोठ्या एमचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पार्ट्सची यादी दिली होती. सरांनी पाच नोंदींभोवती लाल गोल काढले. रेझिस्टर ‘१०के’ होता, त्यातला के मोठा. क्रिस्टल ‘१६एमएचझेड’, सगळी अक्षरं लहान. कपॅसिटर ‘०.१एमएफ’, दोन्ही अक्षरं मोठी. क्रिस्टलचे कपॅसिटर नुसतेच ‘२२०’, आणि बॅटरी ‘२०००एमए’. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हीच यादी दाखवून सगळे पार्ट मिळाले आणि सर्किटही पहिल्या फटक्यात चाललं, मग चुकलं कुठे?

सर्किट चाललं ते दुकानदारामुळे. ०.१ मेगाफॅरडचा कपॅसिटर गल्लीत सोडाच, जगात कुठेही विकत मिळत नाही. काउंटरवरच्या माणसाने मनातल्या मनात तुमची यादी दुरुस्त केली आणि ‘१०४’ छापलेला पिवळा दाणा काढून दिला. क्रिस्टलबरोबरचे कपॅसिटर बावीस पिकोचेच लागतात हेही त्याला पाठ आहे. हीच यादी भोसरीच्या एखाद्या असेंब्लीवाल्याकडे मेलने गेली, सिम्युलेशनमध्ये टाकली किंवा परदेशी वेबसाइटच्या शोधात चिकटवली, तर तिथे कोणी दुरुस्त करत बसत नाही. जे लिहिलंय तेच येतं, किंवा काहीच येत नाही.

एक सोय आधी करून घेऊ. उत्तर देवनागरीत आहे आणि देवनागरीत कॅपिटल-स्मॉल भानगडच नाही. म्हणून रोमन कॅपिटल अक्षराला मी ‘मोठं’ म्हणेन आणि स्मॉलला ‘लहान’. रिपोर्टमध्ये चिन्हं अर्थातच रोमनमध्ये लिहायची. आपल्याकडच्या गोंधळाचं मूळही खरं तर इथेच आहे. मराठी कानाला ‘एम’ हा एकच आवाज ऐकू येतो. कागदावर मात्र लहान एम म्हणजे हजारावा भाग आणि मोठा एम म्हणजे दहा लाख पट. दोन्हींत अब्जपटीचं अंतर आहे. ‘पाच एम वॅट’ असं कोणी म्हणालं, तर तो लेसर पॉइंटरबद्दल बोलतोय की सोलर पार्कबद्दल, हे संदर्भावरूनच ओळखावं लागतं. म्हणून बोलताना अक्षर म्हणायचंच नाही, पूर्ण नाव घ्यायचं: मिली, मेगा, मायक्रो. फोनवर ऑर्डर देताना तर नक्कीच.

अक्षरांचा नियम सोपा आहे. मेगा, गिगा, टेरा यांची चिन्हं मोठी: एम, जी, टी. किलो आणि त्याखालची सगळी लहान: किलोचा के, मिलीचा एम, नॅनोचा एन, पिकोचा पी. मायक्रोसाठी ग्रीक म्यू. किलो हा मोठं करणारा उपसर्ग असूनही लहान राहिला, कारण तो जुना आहे. किलो आणि मिली हे १७९५ च्या फ्रेंच मेट्रिक व्यवस्थेपासूनचे, तर आजची एसआय, म्हणजे एककांची आंतरराष्ट्रीय, पद्धत १९६० ची. शिवाय मोठा के तापमानाच्या केल्विनने अडवून ठेवलाय. ‘१० मोठा के’ याचा काटेकोर अर्थ दहा केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. तुमच्या सरांचा लाल गोल याच कारणाचा. ही चूक मात्र पाचांतली सर्वांत निरुपद्रवी. रेझिस्टरच्या कोडपद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६००६२, स्वतःच किलोओहमसाठी मोठा के वापरतं. मोठ्या केने आजवर कोणाचा बोर्ड जळलेला नाही, मोठ्या एमने जळू शकतो.

एककांची चिन्हं: माणसाच्या नावावरून आलेलं एकक असेल तर पहिलं अक्षर मोठं. व्होल्ट, अँपिअर, वॅट, फॅरड, हेन्री यांचं एकेक मोठं अक्षर. हर्ट्झला मोठा एच आणि लहान झेड. सेकंद कोणाचं नाव नाही म्हणून लहान एस, आणि सीमेन्स माणूस होता म्हणून मोठा एस. ही शेवटची जोडी नीट लक्षात ठेवा. पाण्याची वाहकता मोजणाऱ्या प्रोजेक्टमध्ये मिलीसीमेन्स आणि मिलीसेकंद एकाच पानावर येतात, आणि ‘डिले ५ एमएस’ मधला एस मोठा पडला की वाचणारा अडखळतो. आकडा आणि चिन्ह यांत एक जागा सोडायची, चिन्हापुढे टिंब द्यायचं नाही, अनेकवचनाचा एस लावायचा नाही. एवढं पुरे, यावर जास्त वेळ घालवू नका.

आता कपॅसिटर, कारण खरा घोळ इथेच आहे.

‘एमएफडी’ ही जुन्या रेडिओच्या काळातली देणगी. टाइपरायटरवर म्यू नव्हता, म्हणून मायक्रोफॅरडला एमएफडी, कधी नुसतं एमएफ लिहायचे. पिकोफॅरड हा शब्द रुळायच्या आधी त्याला मायक्रो-मायक्रोफॅरड म्हणत, लिहिताना ‘एमएमएफडी’. आज पंख्याच्या कंडेन्सरवर ‘२.५ एमएफडी’ किंवा ‘३.१५ एमएफडी’ दिसतं ते याच परंपरेतलं, म्हणजे अडीच आणि सव्वातीनच्या जरा खाली, दोन्ही मायक्रोफॅरडच. वायरमनला तसंच सांगा, काही बिघडत नाही. रिपोर्टमध्ये आणि स्किमॅटिकवर, म्हणजे सर्किटच्या आकृतीवर, मात्र नको. लहान एम आणि मोठा एफ या जोडीचा आजचा खरा अर्थ मिलीफॅरड आहे, आणि सुपरकपॅसिटरच्या दुनियेत तेवढ्या किमतीचे (किंमत म्हणजे इथे पैसे नव्हे, पार्टचं मूल्य) पार्ट खरोखर मिळतात. ४७०० मायक्रोफॅरडला ४.७ मिलीफॅरड म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तरी बहुतेक लोक ४७०० मायक्रोच लिहितात, कारण मिलीफॅरड दिसला की वाचणाऱ्याला शंका येते: हा नवा मिली की जुना मायक्रो? माझंही मत तेच. तांत्रिकदृष्ट्या अचूक पण वाचणाऱ्याला अडवणारं चिन्ह टाळलेलं बरं.

नॅनोच्या बाबतीत उलट आग्रह धरा. जुन्या अमेरिकन पुस्तकांत नॅनोफॅरड जवळपास दिसत नाही. तिथे ०.०१ मायक्रो नाहीतर १०,००० पिको असतं. युरोपीय कागदांवर तोच १० नॅनो. शून्यं मोजताना चूक होते, एक-दोन अंकी आकड्यात होत नाही, त्यामुळे १० नॅनो, ४७ नॅनो, १०० नॅनो असंच लिहायची सवय लावा. ७८०५ या पाच व्होल्टच्या रेग्युलेटर चिपच्या डेटाशीटमध्ये इनपुटला ०.३३ मायक्रो आणि आउटपुटला ०.१ मायक्रो सांगितलेला असतो. तुमच्या यादीत ते ३३० नॅनो आणि १०० नॅनो झाले की पॉइंटचा ठिपका झेरॉक्समध्ये उडण्याची भीती संपली.

सिरॅमिक आणि पॉलिएस्टर कपॅसिटरवरचा तीन अंकी कोड पिकोफॅरडमध्ये वाचायचा. पहिले दोन अंक जसेच्या तसे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, एक लाख पिको, म्हणजेच १०० नॅनो. १०३ दहा नॅनो, १०२ एक नॅनो, ४७३ सत्तेचाळीस नॅनो, ३३४ तीनशे तीस नॅनो. आणि इथेच तुमचा चौथा लाल गोल. कपॅसिटरवर ‘२२०’ छापलं असेल तर ते २२ पुढे शून्य शून्यं, म्हणजे २२ पिको. २२० पिकोवर ‘२२१’ छापलेलं असतं. यादीत एकक न लावता नुसतं ‘२२०’ लिहिलं, तर वाचणाऱ्याने कोड समजायचा की किंमत? सोळा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला दोन्ही बाजूंनी २२ पिको लागतात. तिथे २२० पिको लावले तर ऑसिलेटर, म्हणजे चिपला ठोके देणारं सर्किट, सुरू होईलच याची खात्री नाही. कधी सुरू होतो, कधी नाही, कधी हात जवळ नेला की होतो. अशा वेळी मुलं दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. २२३, म्हणजे २२ नॅनो, लागला तर तो सुरू होतच नाही, त्यामुळे चूक निदान लवकर सापडते. गंमत म्हणजे काही छोट्या सिरॅमिक दाण्यांवर नुसतं ‘२२’ असतं, तेही २२ पिकोच.

कोडच्या मागे येणारं अक्षर हा उपसर्ग नव्हे. ‘१०४के’ मधला के किलोचा नाही, तो टॉलरन्स आहे, म्हणजे छापील किमतीपासून किती फरक चालतो ते: अधिक-उणे १० टक्के. जे असेल तर ५ टक्के, एम असेल तर २० टक्के, आणि झेड असेल तर अधिक ८० उणे २०, म्हणजे जवळपास अंदाजपंचे. ‘१०४एम’ पाहून मेगा शोधू नका. कोडच्या आधी येणारी जोडी व्होल्टेजची: १एच म्हणजे ५० व्होल्ट, २ए म्हणजे १००, २ई म्हणजे २५०, २जी म्हणजे ४००, २जे म्हणजे ६३०. त्यामुळे ‘२ए१०४जे’ हे १०० व्होल्टचं, १०० नॅनोचं, ५ टक्केवालं हिरवं किंवा तपकिरी पॉलिएस्टर. दुकानात नुसतं ‘एकशेचार द्या’ म्हटलं की ५० व्होल्टचा सिरॅमिक मिळतो. मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, बाजूला लावायचा असेल तर हे पुरेसं नाही. तिथे एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला बॉक्स कपॅसिटर मागायचा.

हाच तीन अंकी कोड रेझिस्टर आणि इंडक्टरवरही असतो, पण मूळ एकक बदलतं. ‘१०१’ रेझिस्टरवर १०० ओहम, कपॅसिटरवर १०० पिकोफॅरड, इंडक्टरवर १०० मायक्रोहेन्री. बोर्डवरून काढलेला काळा चौकोनी पार्ट हातात घेऊन ‘हा १०१ आहे’ म्हटलं तर अर्थ लागत नाही, आधी तो काय आहे ते ठरवा.

सरफेस माउंट, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या, रेझिस्टरवर आणखी एक खाच आहे. तीन अंकांत ‘४७०’ म्हणजे ४७ ओहम आणि ‘४७१’ म्हणजे ४७० ओहम. एक टक्केवाल्यांवर चार अंक येतात, त्यात पहिले तीन अंक किंमत: ‘१००१’ एक किलोओहम, ‘१००२’ दहा किलोओहम. अगदी लहान पार्टवर जागा नसते म्हणून दोन अंक आणि एक अक्षर येतं, जसं ‘०१सी’, तेही दहा किलोओहमच. ते पाठ करण्यात अर्थ नाही, तक्ता भिंतीवर लावा आणि शंका आली की मीटर लावा.

दशांश चिन्हाच्या जागी अक्षर घालायची पद्धत बाजारात सगळीकडे चालते आणि ती उत्तम आहे. ४.७ किलोओहमला ‘४के७’, ४.७ ओहमला ‘४आर७’, २.२ मेगओहमला ‘२एम२’, ४.७ नॅनोफॅरडला ‘४एन७’. ठिपका हरवतो, अक्षर हरवत नाही. मात्र आर कुठे आहे ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं. ‘१०आर’ म्हणजे दहा ओहम, ‘आर१०’ म्हणजे ०.१ ओहम. शंभरपटीचा फरक. करंट मोजायच्या शंट रेझिस्टरवर ‘आर०१०’ असतं, दहा मिलीओहम. त्यातून १० अँपिअर गेले की १०० मिलीव्होल्ट मिळतात आणि एक वॅट उष्णता होते. तिथे ‘१०आर’ आला तर सर्किटला पुरवठाच मिळणार नाही.

आपल्याकडे ओहमला ‘ई’ लिहायची रीत आहे: ‘४७०ई’, ‘१०ई’, ‘४ई७’. तापकीर गल्लीपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत हे सगळ्यांना कळतं, पण भारताबाहेर फारसं नाही. आणि एक्सेलला तर मुळीच नाही. एक्सेलच्या रकान्यात ‘४ई७’ टाइप करून एंटर दाबा, ते चारावर सात शून्यं करून टाकतं, चार कोटी. ‘२ई२’ म्हणजे तुमच्या मते २.२ ओहम, एक्सेलच्या मते दोनशे. हे फार वाईट, कारण २०० ओहमचा रेझिस्टर खरोखर मिळतो आणि कोणाला शंका येत नाही. म्हणून पार्ट्सची यादी बनवताना आधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करा, मगच टाइप करा, आणि ई ऐवजी आर वापरा. टेक्स्ट केलं नाही तर पॅकेजचा, म्हणजे पार्टच्या आकाराचा, कोड ‘०६०३’ सुद्धा ‘६०३’ होतो.

०६०३ चा विषय निघालाच आहे तर: हा आकडा बहुतेक वेळा इंचातला असतो, पार्ट १.६ बाय ०.८ मिलिमीटर. त्याच पार्टचं मेट्रिक नाव १६०८. पण मेट्रिक पद्धतीतही ‘०६०३’ नावाचा वेगळा पार्ट आहे, ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा, ज्याला इंच पद्धतीत ०२०१ म्हणतात. तो हाताने सोल्डर करणं म्हणजे मोहरीला टाका घालणं. ऑनलाइन ऑर्डर देताना आकड्याबरोबर मिलिमीटरमधलं माप पाहिल्याशिवाय बटण दाबू नका. पीसीबीवाल्यांचा ‘मिल’ हाही मिलिमीटर नव्हे. तो इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. दहा मिलचा ट्रॅक म्हणजे पाव मिलिमीटर.

कॉम्प्युटरने होणाऱ्या चुका वेगळ्याच जातीच्या. स्पाइस घराण्यातल्या सिम्युलेटरना, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवरच चालवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमना, लहान-मोठं अक्षर कळत नाही. त्यांच्यासाठी एम म्हणजे नेहमी मिली, आणि मेगासाठी ‘एमईजी’ लिहावं लागतं. मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या गेटला एक मेगओहमचा पुलडाउन (गेट शून्याकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) म्हणून ‘१एम’ लिहिलं की सिम्युलेटर तिथे एक मिलीओहम धरतो, सरळ शॉर्ट. गेट शून्यावर चिकटलेलं दिसतं आणि माणूस मॉसफेटचं मॉडेल बदलत बसतो. दुसरा सापळा फॅरडचा. ‘१०यूएफ’ चालतं, कारण यू वाचल्यावर पुढचं अक्षर तो सोडून देतो. पण सुपरकपॅसिटर म्हणून ‘१एफ’ लिहिलंत तर एफ हा फेम्टो समजला जातो, म्हणजे १ भागिले दहाचा पंधरावा घात. एकक न लावता नुसतं ‘१’ लिहा. ‘मिल’ चालवायचा प्रयत्नही करू नका, तिथे त्याचाही अर्थ इंचाचा हजारावा भाग.

फॉन्टचा घोळ याहून बेमालूम. वर्डमध्ये बरेच जण ‘सिंबॉल’ नावाचा फॉन्ट निवडून लहान एम दाबतात, तो म्यूसारखा दिसतो. मोठा डब्ल्यू दाबला की ओमेगा दिसतो. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली, फॉन्ट बदलला किंवा मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकला की आतली मूळ अक्षरं उघडी पडतात. दहा मायक्रोफॅरडचे दहा मिलीफॅरड होतात, आणि दहा किलोओहमचे दहा किलोवॅट. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून नंबरपॅडवर ०१८१ दिलं की खरा मायक्रो येतो. वर्डमध्ये ०३ए९ टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की खरा ओमेगा. हेही नको असेल तर म्यूच्या जागी लहान यू लिहा, सगळं जग समजून घेतं. फक्त एका यादीत एकच पद्धत ठेवा. युनिकोडमध्ये मायक्रोचं चिन्ह आणि ग्रीक म्यू ही दिसायला सारखी पण दोन वेगळी अक्षरं आहेत. अर्ध्या यादीत एक आणि अर्ध्यात दुसरं असलं की शोधताना निम्मे कपॅसिटर सापडत नाहीत आणि तोच पार्ट दोनदा मागवला जातो.

एवढी कटकट का करायची, याचं एक सुखद उत्तरही आहे. उपसर्ग नीट वापरले की घातांक लिहावेच लागत नाहीत. व्होल्ट भागिले किलोओहम म्हणजे थेट मिलिअँपिअर. किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे मिलिसेकंद. किलोओहम गुणिले नॅनोफॅरड म्हणजे मायक्रोसेकंद. मेगओहम गुणिले मायक्रोफॅरड, सेकंद. व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर, मिलिवॅट. बारा व्होल्टवर लाल एलईडी लावायचा आहे, त्याच्यावर दोन व्होल्ट जातात, उरले दहा. एक किलोओहम लावला तर दहा मिलिअँपिअर, रेझिस्टरमध्ये दहा गुणिले दहा म्हणजे शंभर मिलिवॅट, क्वार्टर वॅटचा पार्ट २५० मिलिवॅटचा, निवांत चालेल. सगळं तोंडी. ५५५ या टायमर चिपचा मोनोस्टेबल (एकदा चालू केला की ठरावीक वेळाने बंद होणारा): १०० किलोओहम, १० मायक्रो, गुणाकार १००० मिलिसेकंद, त्याला १.१ ने गुणलं की १.१ सेकंद. १० किलोओहम आणि १०० नॅनोचा फिल्टर: १००० मायक्रोसेकंद, म्हणजे एक मिलिसेकंद, कटऑफ साधारण १५९ हर्ट्झ. व्हायव्हात कॅल्क्युलेटर मागावा लागत नाही. आणि कॅल्क्युलेटर हातात असलाच तर त्यावरचं ‘ईएनजी’ बटण वापरा, ते उत्तर नेहमी तीनाच्या पटीतल्या घातांकात देतं: उणे तीन मिली, उणे सहा मायक्रो, उणे नऊ नॅनो.

मल्टिमीटरवर एक नजर. स्वस्त पिवळ्या मीटरच्या चकतीवर ‘२०००के’ असतं, ते दोन मेगओहमच. ऑटोरेंजवाल्या मीटरच्या पडद्यावर कोपऱ्यात चिमुकला एम किंवा के उगवतो. आकडा वाचायच्या आधी तो वाचा. ‘०.४७’ दिसलं म्हणून रेझिस्टर अर्ध्या ओहमचा नसतो, कोपऱ्यात मोठा एम असेल तर तो ४७० किलोओहमचा आहे.

बॅटरीवरचा लाल गोल मात्र उपसर्गाचा नाही, एककाचा आहे. मिलिअँपिअर हा करंट, बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तास. ‘२०००एमए’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं ही बॅटरी दोन अँपिअर देऊ शकते, जे खरं असेल किंवा नसेल. ‘२००० एमएएच’ मधला ‘एच’ गाळायचा नाही. त्यावरून लगेच हिशोब: शंभर मिलिअँपिअरचा लोड कागदावर वीस तास, प्रत्यक्षात थोडा कमी. दोन वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर वॅट-तास काढा. वीस हजार एमएएचची पॉवरबँक आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेली असते, म्हणजे ७४ वॅट-तास. पाच व्होल्टला तेवढेच वीस हजार मिळतील ही अपेक्षा चुकीची.

मेमरीबाबत एवढंच: लहान बी बिट, मोठा बी बाइट, आणि चिपच्या नावातला आकडा जवळपास नेहमी बिटचा. २४सी२५६ मध्ये २५६ किलोबिट, म्हणजे ३२ किलोबाइट. २५क्यू६४ मध्ये ६४ मेगाबिट, ८ मेगाबाइट. इथला ‘किलो’ १०२४ चा असतो. त्यासाठी आयईसीने १९९८ मध्ये ‘किबी’ हा वेगळा उपसर्ग काढला, पण दुकानात तो कोणी म्हणत नाही. घरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर जाणार नाही, तेव्हा कंपनीशी भांडण्याआधी बी पाहा.

घरच्या वायरिंगमध्ये हे अक्षर थेट जिवावर येतं, म्हणून विषय जरा सोडून सांगतो. आरसीसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ‘४० ए’ आणि ‘३० एमए’. पहिला तो किती करंट वाहू शकतो याचा, दुसरा किती गळतीला तो पडतो याचा. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा हवा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे मिळतात, ते आगीपासून संरक्षणासाठी, शॉकसाठी नव्हेत. कोटेशनमध्ये नुसतं ‘आरसीसीबी ४० ए’ असेल तर दुसरा आकडा लिहून मागा. आणि ‘अडीच एमएमची वायर’ म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, तिचा व्यास १.८ मिलिमीटरच्या आसपास. व्हर्निअर लावून ‘फसवलं’ म्हणू नका. कारखान्यात ‘पीएफ सुधारायला कपॅसिटर लावा’ म्हणतात तो पीएफ पॉवर फॅक्टर, दोन्ही अक्षरं मोठी. तिथला कपॅसिटर केव्हीएआरमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर रिअॅक्टिव्ह) मोजतात, पिकोफॅरडचा तिथे काही संबंध नाही.

आता तुमची यादी दुरुस्त करू. रेझिस्टर: १०, जागा, लहान के, ओमेगा, पुढे क्वार्टर वॅट, ५ टक्के. क्रिस्टल: १६, जागा, मोठा एम, मोठा एच, लहान झेड. तुम्ही लिहिलं होतं तसं लहान एमने ते १६ मिलिहर्ट्झ होतं, मिनिटभरात एक ठोका. कपॅसिटर: १००, जागा, लहान एन, मोठा एफ, ५० व्होल्ट सिरॅमिक, आणि शेजारी वेगळ्या रकान्यात ‘कोड १०४’. क्रिस्टलचे दोन कपॅसिटर: २२, जागा, लहान पी, मोठा एफ, कोडच्या रकान्यात ‘२२ किंवा २२०’. बॅटरी: २०००, जागा, लहान एम, मोठा ए, लहान एच, आणि ३.७ व्होल्ट. किंमत आणि कोड यांना दोन स्वतंत्र रकाने दिले की सरांनाही कळतं आणि गल्लीतल्या काउंटरवरही तीच यादी चालते.

रिपोर्ट मराठीत लिहायचा असेल तर ‘कि.ओ.’, ‘मि.अँ.’, ‘मा.फॅ.’ असली संक्षिप्त रूपं घडवू नका. ‘मि.’ पाहून कोणी मिनिट वाचतं, कोणी मिली, आणि मेगाचं ‘मे.’ हस्ताक्षरात मिलीपासून एका मात्रेच्याच अंतरावर असतं. मजकुरात ‘दहा किलोओहम’ असं अक्षरी पूर्ण लिहा, आकृतीत आणि तक्त्यात रोमन चिन्ह ठेवा.